डॅनियल कानेमन : पलटणीतून प्राध्यापकीकडे (आणि आपली बल्ली)

बल्लीफट्टा | रविवार, रात्री ९:४०

जुन्या फायली आवरताना एसएसबीचं (सैन्यातले अधिकारी निवडणारं सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड) कॉल लेटर सापडलं. दोनदा गेलो होतो. पहिल्यांदा स्क्रीन आउट, म्हणजे पहिल्याच चाळणीत बाद, दुसऱ्यांदा कॉन्फरन्सपर्यंत, म्हणजे परीक्षकांच्या शेवटच्या बैठकीपर्यंत, पोचलो आणि तिथून घरी. तक्रार काही नाही. कमांड टास्कमध्ये दोर कुठे बांधायचा हेच मला शेवटपर्यंत सुचलं नव्हतं.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात डॅनियल कानेमन यांचं आत्मकथन वाचत होतो. नोबेल मिळालेल्यांनी स्वतःबद्दल लिहून द्यायचं असतं, ते. त्यात १९५५ सालच्या इस्रायलच्या सैन्यातला एक प्रसंग आहे. आठ उमेदवार, एकमेकांना अनोळखी. अंगावरची पदचिन्हं काढून घेतलेली, ओळखीला फक्त नंबर. समोर भिंत, हातात टेलिफोनच्या खांबाएवढा ओंडका. सगळ्यांनी पलीकडे जायचं, पण ओंडका जमिनीला लागायला नको, भिंतीला लागायला नको, आणि कुणाचं अंगही भिंतीला लागायला नको. लागलं तर तसं सांगायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. मी मोठ्यानं म्हणालो, "अरे, ही तर आपली बल्ली!" बायकोनं विचारलं, कोण बल्ली? (बल्ली म्हणजे एसएसबीच्या मैदानी खेळांतला लाकडी ओंडका.)

तर हा धागा त्या ओंडक्यापासून सुरू झालेल्या एका कारकिर्दीबद्दल. अर्थशास्त्राचं नोबेल, 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' हे पुस्तक, हे बहुतेकांना माहीत असेल. पण हा माणूस आधी लष्करी मानसशास्त्रज्ञ होता, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्या दोन वर्षांतच पेरलं गेलं.

जन्म १९३४, तेल अवीव. तोही आई नातेवाइकांकडे गेली होती म्हणून, घर पॅरिसला होतं. ज्यू कुटुंब, त्यात जर्मनांनी फ्रान्स घेतलेला. एक आठवण ते लिहितात. सात-आठ वर्षांचे होते, ज्यूंना सहानंतर बाहेर पडायला बंदी होती, मित्राकडे खेळता खेळता उशीर झाला. ज्यूंना कपड्यावर लावावा लागणारा पिवळा तारा दिसू नये म्हणून स्वेटर उलटा घालून घरी निघाले. रस्त्यात काळ्या गणवेशातला एसएसचा सैनिक. त्यानं जवळ बोलावलं, उचलून मिठी मारली, पाकिटातला एका मुलाचा फोटो दाखवला आणि थोडे पैसे हातावर ठेवले. स्वेटरच्या आतला तारा त्याला दिसेल या धास्तीनं पोरगं गारठलेलं. आई म्हणायची की माणसं अपार गुंतागुंतीची असतात. त्या दिवशी तिचं म्हणणं आणखी पक्कं झालं, असं ते म्हणतात. वडील १९४४ मध्ये गेले, मधुमेहाला नीट उपचार मिळाले नाहीत. १९४६ मध्ये कुटुंब पॅलेस्टाईनला आलं.

१९५४ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातून पदवी, विषय मानसशास्त्र आणि जोडीला गणित. लगेच सक्तीची भरती. वर्षभर प्लाटून सांभाळली, मग मानसशास्त्र विभागात बदली. वय एकवीस. देश नवा, सैन्य नवं, आणि बी.ए. झालेला हा पोरगा तिथला सर्वांत शिकलेला मानसशास्त्रज्ञ! त्यांचा वरिष्ठ मुळात रसायनशास्त्रातला होता.

काम काय, तर अधिकारी प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं ते ठरवणं. ओंडक्याच्या खेळात सगळं लख्ख दिसायचं. हा पुढाकार घेतो, हा रुसून बसतो, याची कल्पना कुणी ऐकली नाही की हा हातच सोडतो. बघणाऱ्यांचं आपसांत सहज एकमत व्हायचं. मग महिन्यातून एकदा प्रशिक्षण शाळेकडून निकाल यायचे, आपण निवडलेली मुलं तिथं कशी चालली आहेत याचे. दर महिन्याला उत्तर तेच. यांचे अंदाज डोळे झाकून मारलेल्या खड्याच्या जेमतेम पुढे.

आता खरी गंमत. दुसऱ्या दिवशी नवी तुकडी यायची, ओंडका उचलला जायचा, आणि पुन्हा यांना सगळं लख्ख दिसायला लागायचं. कालचा निकाल डोक्यात असूनही आजची खात्री तसूभर कमी नाही. या अनुभवाला त्यांनी 'वैधतेचा भ्रम' असं नाव दिलं. चूक सगळेच करतात हो. चूक कळल्यावरही खात्री जागची हलत नाही, हे त्यांनी नेमकं टिपलं.

त्यानंतरचं काम आणखी मोठं. लढाऊ दलांत येणाऱ्या प्रत्येक जवानाची मुलाखत व्हायची, त्यावरून पायदळ, तोफखाना की रणगाडे ते ठरायचं. पंधरा-वीस मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचं आणि 'एकंदर छाप' लिहायची. ती छाप निरुपयोगी ठरली होती. कानेमन यांनी पॉल मील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं १९५४ सालचं छोटं पुस्तक वाचलेलं होतं. साधं सूत्रसुद्धा तज्ज्ञाच्या अंदाजाला मागे टाकतं, हा त्याचा गाभा. मग त्यांनी सहा गुण निवडले. जबाबदारी, मिळूनमिसळून राहणं, वक्तशीरपणा असे. प्रत्येकासाठी पूर्वायुष्यातले साधे, मोजता येणारे प्रश्न ठरवले. नोकऱ्या किती केल्या, कामावर वेळेवर जायचास का, मित्रांना किती वेळा भेटतोस, खेळतोस का. एका गुणाचे प्रश्न संपले की तिथल्या तिथे एक ते पाच गुण द्यायचे आणि मगच पुढच्याकडे वळायचं. शेवटी बेरीज. तुमचं मत नको.

मुलाखत घेणारे चिडले. तेही कोवळेच, हुशार म्हणून निवडून आणलेले. "तुम्ही आम्हाला यंत्रमानव बनवताय," असं एकानं तोंडावर सुनावलं. कानेमन यांनी तडजोड केली. सहाही गुण सांगितल्याप्रमाणे द्या. झालं की डोळे मिटा, हा मुलगा सैनिक म्हणून कसा दिसेल ते मनात आणा, आणि आणखी एक आकडा द्या.

काही महिन्यांनी पलटणींकडून अहवाल आले. बेरजेचा अंदाज आधीपेक्षा पुष्कळ सरस. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर 'पूर्ण निरुपयोगी' पासून 'बऱ्यापैकी उपयोगी' पर्यंत मजल. आणि डोळे मिटून दिलेला आकडा? तोही बेरजेइतकाच चांगला निघाला! म्हणजे अंतर्ज्ञान टाकाऊ नाही, फक्त त्याला आधी बोलू द्यायचं नाही. आधी गृहपाठ, मग मत.

२००२ च्या नोबेलनंतर ते त्याच तळावर गेले, तर पद्धत जवळजवळ तशीच सुरू होती. तिथली अधिकारी समजावून सांगत होती, आणि शेवटी म्हणाली, "मग आम्ही त्यांना सांगतो, डोळे मिटा."

उरलेलं थोडक्यात. १९५८ मध्ये बर्कली, १९६१ मध्ये पीएच.डी., हिब्रू विद्यापीठात अध्यापन, पुढे कॅनडात ब्रिटिश कोलंबिया, पुन्हा बर्कली, १९९३ पासून प्रिन्स्टन. पुस्तक २०११ चं, म्हणजे वयाच्या ७७ व्या वर्षी. निधन २७ मार्च २०२४.

आता प्रश्न. आपली एसएसबीही त्याच ओंडक्याच्या कुळातली. मग आपल्याकडेही हाच भ्रम असेल का? की आपण काही वेगळं करतो? जाणकारांनी लिहावं.

---

माऊ | रविवार, रात्री १०:०५

वाचनखूण साठवली. "कोण बल्ली?" ला फुटले.

---

खवचट | रविवार, रात्री १०:३२

लेख बरा आहे. पण 'कानेमन' नाही, उच्चार 'कानमन'च्या जवळ जातो. बाकी चालू द्या.

---

निवृत्तनाथ | सोमवार, सकाळी ६:१०

बल्लीफट्टा, तुम्ही 'जाणकारांनी लिहावं' म्हणालात म्हणून लिहितो. मी काही वर्षं जीटीओ, म्हणजे एसएसबीत मैदानावरचे गटाचे खेळ घेणारा परीक्षक अधिकारी, होतो. कुठल्या बोर्डावर ते सांगत नाही, आणि तुम्हाला परत पाठवणारा मी नसावा अशी आशा.

आधी कुळकथा दुरुस्त करून घ्या. ओंडका इस्रायलचा नाही. १९४२ मध्ये ब्रिटिशांना अधिकारी कमी पडायला लागले. जुनी पद्धत म्हणजे शाळा कुठली, वडील कोण, आणि थोडी गप्पाटप्पा. तिनं निवडलेले बरेच जण प्रशिक्षणातच गळत होते. म्हणून वॉर ऑफिस सिलेक्शन बोर्ड निघाली, पहिलं एडिनबरोला. विल्फ्रेड बायन हे तिथले मनोविकारतज्ज्ञ, पहिल्या महायुद्धात स्वतः रणगाड्यावर लढलेले. गटाला काम द्यायचं पण नेता नेमायचा नाही, मग कोण कसा वागतो ते बघायचं, ही त्यांची कल्पना. १९४३ मध्ये तसंच बोर्ड आपल्याकडे डेहराडूनला प्रायोगिक म्हणून सुरू झालं. आजची दिल्लीची डीआयपीआर ही लष्करी मानसशास्त्राची संशोधन संस्था त्याच मुळातून वाढली. इस्रायलनंही तो खेळ ब्रिटिशांकडूनच उचलला. म्हणजे आपण आणि ते चुलत भाऊ.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे बल्ली एकटी निर्णय घेत नाही. आम्ही मनसा, वाचा, कर्मणा म्हणतो. मानसशास्त्रज्ञ उमेदवाराचे कागद बघतो, चित्रांवरच्या गोष्टी, पंधरा सेकंदांत एक वाक्य अशा साठ शब्दांवरची वाक्यं, साठ प्रसंगांवरच्या प्रतिक्रिया. कँडिडेट समोर नसतोच. मुलाखत घेणारा अधिकारी वेगळा. मैदानावर जीटीओ वेगळा. तिघंही तेच पंधरा गुण बघतात, पण कॉन्फरन्सपर्यंत एकमेकांशी एका शब्दानं बोलत नाहीत. मेसमध्ये एका टेबलावर जेवताना हवामानावर बोलायचं!

तेव्हा 'आपल्याकडेही हाच भ्रम' हे इतकं सरळ नाही.

एक मात्र कबूल करतो. दुपारी मैदानावर एखादा मुलगा असा काही चमकायचा, की मनात म्हणायचो, हा तर लेफ्टनंटच. आणि कॉन्फरन्सला कळायचं की इतर दोघांना त्याच्यात काहीच दिसलेलं नाही. अशा वेळी वाटायचं की तेच चुकलेत. माझा अंदाज चुकला असेल, असं किती वेळा वाटलं? बोटावर मोजण्याइतकं.

---

बल्लीफट्टा | सोमवार, सकाळी ८:५५

साहेब, साष्टांग नमस्कार. हवामानावरच्या गप्पा हे मला माहीत नव्हतं. आणि नेमकं तेच कानेमन शेवटच्या काळात सांगत होते. २०२१ मध्ये सिबोनी आणि सनस्टीन यांच्यासोबत त्यांनी 'नॉइज' लिहिलं, त्यातला एक मोठा सल्ला असा, की मत देणाऱ्यांना आधी एकमेकांपासून दूर ठेवा, चर्चा नंतर. तुम्ही ते अर्धशतकाआधीपासून करत होतात.

तरी तुमचा शेवटचा परिच्छेद माझ्या लेखापेक्षा भारी आहे.

---

सांख्यिकी_सदू | सोमवार, सकाळी ११:२०

एक तांत्रिक खुसपट. इस्रायलच्या शाळेतून निकाल आले ते निवडलेल्या मुलांचे. ज्यांना नाकारलं ते शाळेत पोचलेच नाहीत, म्हणून ते कसे निघाले असते हे तपासायची सोय नाही. वरचा थरच फक्त हातात असला की कुठलीही परीक्षा प्रत्यक्षापेक्षा निकामी दिसते. उंच माणसांच्याच संघात उंचीचा आणि खेळाचा संबंध शोधायला गेलात तर फारसा सापडत नाही, म्हणून बास्केटबॉलला उंची लागत नाही असं होत नाही. त्यामुळे ओंडका अगदीच कुचकामी होता असं मी म्हणणार नाही. खात्री मात्र फाजील होती, हे उरतंच.

कानेमन यांचा मला आवडणारा शोध त्याच जातीचा आहे. १९७१ चा निबंध, त्यांचे सहकारी मानसशास्त्रज्ञ अॅमॉस ट्वेर्स्की यांच्यासोबतचा. शितावरून भाताची परीक्षा हा आपला स्वभाव, आणि संख्याशास्त्र कोळून प्यायलेले लोकही चार शितं बघून हंडीभर भातावर बोलतात, हे त्यांनी दाखवलं. भाताच्या बाबतीत म्हण खरी आहे, कारण पाणी एक, आच एक. माणसं एका आचेवर शिजत नाहीत.

---

शाईचा_डाग | सोमवार, दुपारी ३:१५

मी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवते. मला 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो'मधला वैमानिकांचा किस्सा कायम आठवतो.

साठच्या दशकात कानेमन हवाई दलाच्या प्रशिक्षकांना शिकवत होते. शिक्षेपेक्षा शाबासकीनं माणूस लवकर शिकतो, असं सांगत होते. एक जुना प्रशिक्षक उठला आणि म्हणाला, हे कबुतरांना चालत असेल. मी एखाद्या पोराला छान कसरतीबद्दल शाबासकी दिली की पुढच्या वेळी तो हमखास घसरतो, आणि खडसावलं की हमखास सुधारतो.

ऐकणाऱ्या कुणालाही पटेल असं बोलणं. आमच्या स्टाफरूममध्ये रोज ऐकू येतं. पण कानेमन यांना त्याच क्षणी लख्ख दिसलं, की तो बघतोय ते खरं आहे आणि लावतोय तो अर्थ चुकीचा. कसरत फारच छान झाली त्यात थोडा नशिबाचा भाग, पुढची सरासरीकडे येणारच. फारच वाईट झाली, तीही सरासरीकडे येणारच. शाबासकी आणि ओरडा मध्ये फुकटचं श्रेय घेऊन जातात. त्यांनी तिथंच जमिनीवर खडूनं खूण केली आणि प्रत्येकाला पाठ करून दोन-दोन नाणी टाकायला लावली. पहिलं नाणं जवळ पडलेल्यांचं दुसरं बहुतेक लांब पडलं, लांब पडलेल्यांचं जवळ. कुणी कुणाला ओरडलं नव्हतं.

याच्यातला जीवघेणा भाग पुढे आहे. चांगलं वागणाऱ्याला बक्षीस दिलं की तो घसरताना दिसतो, वाईटाला शिक्षा केली की सुधारताना. म्हणजे आयुष्यच आपल्याला शिक्षा करायला शिकवत राहतं. वीस वर्षं शिकवून झाल्यावर हे वाचलं. दोन दिवस वर्गात कुणाला काही बोललेच नाही.

---

निवृत्तनाथ | सोमवार, सायंकाळी ७:३०

ताई, मी वीस वर्षं पोरांना ओरडलो. राहू द्या आता.

---

खवचट | सोमवार, रात्री ९:१०

आरती संपली असेल तर थोडं बोलू. इतरांच्या भ्रमांवर नोबेल मिळवणाऱ्याच्या स्वतःच्या पुस्तकातलं 'प्रायमिंग'चं प्रकरण साफ कोसळलंय. म्हातारपणाशी निगडित शब्द वाचले की माणूस हळू चालतो वगैरे. ते प्रयोग पुन्हा केले तर निघेनात. आणि या गृहस्थांनी लिहिलं होतं की हे निष्कर्ष मानण्यावाचून तुम्हाला गत्यंतर नाही! दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, आणि जगाला हे सांगणारा आधी फसतो.

दुसरं, दोन वर्षं सक्तीची नोकरी केली म्हणून 'लष्करी मानसशास्त्रज्ञ' हे बिरूद जरा जास्त नाही का?

---

सांख्यिकी_सदू | सोमवार, रात्री ९:५५

पहिला मुद्दा बरोबर. पण पुढचंही सांगा की. २०१२ मध्ये त्यांनीच त्या क्षेत्रातल्या संशोधकांना उघड पत्र लिहिलं, की तुमची गाडी घसरणार आहे, एकमेकांचे प्रयोग पुन्हा करून बघा. आणि २०१७ मध्ये एका टीकाकाराच्या ब्लॉगवर जाऊन स्वतः प्रतिसाद दिला, की छोट्या नमुन्यांच्या अभ्यासांवर मी नको इतका विश्वास ठेवला. तिथंच हेही मान्य केलं, की १९७१ च्या निबंधात मी याच चुकीबद्दल लिहिलं होतं. त्र्याऐंशीव्या वर्षी दुसऱ्याच्या धाग्यावर जाऊन 'चुकलो' लिहिणारा नोबेलवाला मला तरी दुसरा माहीत नाही. आपल्याकडं 'उच्चार चुकला' एवढं मान्य करायला लोक तीन पानं घेतात.

---

बल्लीफट्टा | सोमवार, रात्री १०:२०

खवचटराव, दुसऱ्या मुद्द्यावर. नोकरी दोन वर्षांची, पण फौज सुटली नाही. हवाई दलाच्या प्रशिक्षकांचा किस्सा वर आलाच. १९७३ च्या योम किप्पूर युद्धात ते आणि ट्वेर्स्की सैन्यातल्या मानसशास्त्रज्ञांसोबत सिनाईत होते. त्या युद्धात एका तळावरून उडणाऱ्या दोन तुकड्यांपैकी एकीची चार विमानं पडली, दुसरीचं एकही नाही. चौकशी सुरू झाली, की या अभाग्या तुकडीचं काय चुकतंय. फरक शोधले तर सापडतातच. हे घरी किती वेळा जाऊन येतात, उड्डाणानंतरची बैठक कशी होते. कानेमन यांनी सल्ला दिला की हा बहुतेक निव्वळ नशिबाचा खेळ आहे, चौकशी थांबवा. मेलेल्या मित्रांचं दुःख असलेल्या पोरांच्या डोक्यावर 'आपलंच काहीतरी चुकलं' हे ओझं आणखी कशाला.

---

निवृत्तनाथ | मंगळवार, सकाळी ५:५०

इथं मात्र माझं त्यांच्याशी पटत नाही. हिशोब बरोबर असेल, पण चार विमानं गेल्यावर कमांडर "नशीब" म्हणून फाईल मिटवू शकत नाही. निष्पन्न काही झालं नाही तरी चौकशी करावी लागते, ती उरलेल्यांसाठी. आपल्याकडे कुणीतरी बघतंय, हे त्यांना दिसलं पाहिजे. चौकशी कशी करायची, हा वेगळा प्रश्न. दोषी शोधायला निघालात तर सापडणारच, हे त्यांचं म्हणणं मान्य.

---

परसदारी_मेपल | मंगळवार, सकाळी ९:४० (इथं रात्र आहे)

टोरांटोहून. मी एका कंपनीत माणसं निवडायचं काम करते. 'डोळे मिटा' आम्ही वापरतो, त्याचा अनुभव.

सहा गुण आधी लिहून ठेवायचे, प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमानं, गुण लगेच. सगळ्यात जास्त विरोध उमेदवारांचा नसतो, साहेबांचा असतो. "मला पाच मिनिटांत माणूस कळतो" असं म्हणणारे साहेब दोन्ही खंडांत सारखेच! त्यांना शेवटचा सातवा रकाना दिला की शांत होतात. गंमत म्हणजे सहा रकाने प्रामाणिकपणे भरल्यावर सातव्यात त्यांचाच आकडा त्यांना अनोळखी वाटतो. एकदा एका साहेबांनी तो खोडून पुन्हा लिहिला, मग विचारलं, "मला तर हा मुलगा आवडला होता, मग मी दोन का दिले?"

एकवीस वर्षांच्या त्या पोराला माणसं कळत होती. नुसती बेरीज लादली असती तर मुलाखतकारांनी सहा रकाने कसेबसे भरून मोकळं केलं असतं.

---

माऊ | मंगळवार, दुपारी १२:१५

ट्वेर्स्कींवर लिहा ना कुणीतरी. त्यांची मैत्री म्हणे लग्नासारखी होती?

---

बल्लीफट्टा | मंगळवार, रात्री ९:००

घ्या. अॅमॉस ट्वेर्स्की पॅराट्रूपर. १९५६ मध्ये सरावात एक जवान सुरुंग पेटवून त्याच्यावरच गोठून पडला, तेव्हा ट्वेर्स्कींनी धाव घेऊन त्याला ओढलं, स्वतः जखमी झाले, शौर्याचा सन्मान मिळाला. बेधडक, विनोदी, स्वतःवर गाढ विश्वास. कानेमन याच्या उलट, स्वतःवर कायम शंका. १९६९ च्या सुमारास कानेमन यांनी त्यांना आपल्या वर्गात बोलायला बोलावलं, वाद झाला, आणि त्या वादातून भागीदारी सुरू झाली. तासन् तास एका खोलीत बसून वाक्य वाक्य मिळून लिहायचं. पहिल्या निबंधावर नाव कुणाचं आधी, ते नाणं उडवून ठरवलं. पुढे आलटून पालटून.

१९७४ मध्ये 'सायन्स'मध्ये अंदाज बांधताना होणाऱ्या चुकांवरचा तो प्रसिद्ध निबंध, १९७९ मध्ये प्रॉस्पेक्ट थिअरी, म्हणजे जोखीम असताना माणसं निवड कशी करतात याचा सिद्धांत. मिळालेल्या शंभर रुपयांच्या आनंदापेक्षा हरवलेल्या शंभराचं दुःख साधारण दुप्पट असतं, हे त्यातलं सगळ्यांना माहीत झालेलं. पण माझ्या आवडीचा त्यांचा किस्सा अभ्यासक्रमाचा आहे. शाळांसाठी निर्णयशास्त्राचं पाठ्यपुस्तक करायची समिती होती, कानेमन त्यात. सगळ्यांनी कागदावर अंदाज लिहिला, दोनेक वर्षांत होईल. मग समितीतल्या अभ्यासक्रम-तज्ज्ञाला विचारलं, अशा इतर समित्यांचं काय झालं? तो वरमला. म्हणाला, चाळीस टक्के कधी संपल्याच नाहीत, बाकीच्यांना सात ते दहा वर्षं लागली. आणि त्यानंही दोनच वर्षं लिहिली होती! हे ऐकून सगळ्यांनी पाच मिनिटं चर्चा केली आणि काम तसंच पुढे चालू ठेवलं. पुस्तक आठ वर्षांनी झालं, तोवर कुणाला नको होतं. घर पहावं बांधून म्हणतात, त्यात पाठ्यपुस्तकही घाला.

मैत्रीचं म्हणाल तर शेवट गोड नाही. १९७८ मध्ये दोघं अमेरिका खंडात आले, एक स्टॅनफर्डला, दुसरे व्हँकुव्हरला. मानसन्मान ट्वेर्स्कींच्या वाट्याला जास्त आले आणि ते कानेमन यांना खुपलं. दुरावा वाढत गेला. मग ट्वेर्स्कींना कर्करोग निघाला, तेव्हा पुन्हा जवळ आले. १९९६ मध्ये ट्वेर्स्की गेले. नोबेल मरणोत्तर देत नाहीत. २००२ मध्ये कानेमन यांना व्हर्नन स्मिथ यांच्यासोबत मिळालं, अर्थशास्त्रातलं.

---

खवचट | मंगळवार, रात्री ९:४५

शेवटाचं निघालंच आहे तर, कानेमन स्वित्झर्लंडला जाऊन स्वेच्छेनं गेले हे २०२५ मध्ये छापून आलं. मेंदू ताळ्यावर असतानाच निघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मला तो निर्णय त्यांच्या सगळ्या लिखाणापेक्षा जास्त विचारात टाकतो. आपल्याकडच्या प्रायोपवेशनाशी याची तुलना होऊ शकेल का?

---

व्यवस्थापक | मंगळवार, रात्री १०:३०

इच्छामरणावरचे अकरा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढावा. इथं मूळ विषयावर लिहावं.

---

शाईचा_डाग | तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४:०५

धागा वर काढतेय, माफ करा. वर लिहायचं राहिलं होतं.

तरुणपणी कानेमन पेपर तपासायचे तसे आपण सगळेच तपासतो. एका मुलाची उत्तरपत्रिका घ्यायची, पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत. त्यांच्या लक्षात आलं, की पहिलं उत्तर छान असलं की पुढच्या गोलमाल उत्तरालाही आपण सांभाळून घेतो, "याला येत असणार, लिहायला चुकला असेल". म्हणून त्यांनी सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी तपासला, गुण मागच्या पानावर लिहिले, मग सगळ्यांचा दुसरा.

सहामाहीच्या गठ्ठ्यावर मी तेच केलं. एकशे दहा पेपर. पहिला प्रश्न संपवला, गुण मागे लिहिले, गठ्ठा पिसला, मग दुसरा. मागचे गुण न बघता.

काल रात्री पहिल्यांदा दोन्ही शेजारी ठेवून बघितले. माझी जी 'हुशार' मुलगी, तिला पहिल्यात आठ आणि दुसऱ्यात तीन. मी पुन्हा वाचलं, तीनच होतात. मागच्या बाकावरचा एक, ज्याला मी कधी प्रश्नही विचारत नाही, त्याला चार आणि साडेसात. असे कितीतरी. पूर्वी माझे गुण कसे एका ओळीत यायचे, मला बरं वाटायचं, आपण नीट तपासतोय असं. आता गठ्ठ्याकडे बघितलं की पोटात गोळा येतो. कानेमन यांनीही हेच लिहिलंय, नव्या पद्धतीनं त्यांची खात्री गेली.

निवृत्तनाथकाका, तुमच्या कॉन्फरन्सला असंच व्हायचं का?

तिसऱ्या प्रश्नाला बसते. चहा झालाय.

---

निवृत्तनाथ | शनिवार, सायंकाळी ६:२०

दर वेळी. गठ्ठा पुन्हा पिसून घ्या.